मंगळवार आणि शुक्रवारची बस

दिदी,

मीटिंगहून आलं की आधी काय झालं ते सांगायचं, मग कसं वाटलं ते. हा तुमचा नियम. तर आधी काय झालं ते सांगते.

तुमचे अंत्यसंस्कार परवा, शुक्रवारी झाले. हॉलमध्ये खुर्च्या पुरल्या नाहीत, माणसं मागे भिंतीला टेकून उभी होती. भिनाजू पूर्ण वेळ ताठ बसले होते. छातीवर सैन्यातली मेडलं आणि मांडीवर तुमची काळी पर्स. ती ते कुणाच्या हातात द्यायला तयार नव्हते. तुमच्या मुलीने भाषण केलं. डोंगरातलं गाव, गावातली पहिली शिकलेली सून, वॉर्डाची सदस्य, मग पक्षाच्या यादीतून खासदार, काठमांडूतली वर्षं, आणि त्यानंतर निवृत्त गुरखा नवऱ्याबरोबर, म्हणजे भिनाजूंबरोबर, इंग्लंड. सगळं क्रमवार आणि बरोबर होतं, त्यामुळे ते मी परत लिहीत नाही. आपला बसवाला कीथ टाय लावून आला होता. टाय त्याच्या ड्रायव्हरच्या युनिफॉर्मचा होता. त्याच्याकडे दुसरा नाही म्हणे.

एक मुद्दा मी शेवटी घेणार आहे. तो आला की तुम्ही वाद घालायला उठाल, आणि मला आधी बाकीचं बोलून घ्यायचंय.

आपली ओळख बसस्टॉपवर झाली. माझी गाडी एमओटीला, वार्षिक तपासणीला, गेली होती, नाहीतर मी त्या स्टॉपकडे फिरकले नसते. ब्रॅकनेलमध्ये आमच्यासारखे आयटीवाले गाडीने ऑफिसला जातात. बसने कोण जातं हे आम्हाला माहीत नसतं. त्या सकाळी कळलं. सात-आठ नेपाळी आज्या, काही बाकावर, काही उभ्या, सगळ्यांच्या पिशवीत हॉस्पिटलची पत्रं. आणि त्यांच्यासमोर तुम्ही, साडीवर नेव्ही ब्लू कोट, हातात वही. बस आली नव्हती. तुम्ही एकेकीला विचारून लिहून घेत होतात. नाव, कुठे जायचंय, डॉक्टरची वेळ कितीची, किती वेळ उभी आहे. लिहीत लिहीत माझ्यापर्यंत आलात.

"माझं काही नाही," मी म्हणाले. "मी ऑफिसला चाललेय."

"काही नाही कसं? बस तुझीही आली नाही ना?"

आपण हिंदीत बोलायचो. तुमच्या हिंदीत नेपाळी आणि माझ्या हिंदीत मराठी. इथे सगळं मराठीत लिहितेय, तुम्ही समजून घ्याल.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. बावीस वर्षं लोकांना एकच गोष्ट शिकवतेय, की तक्रार लिहिताना वैताग लिहू नका. काय व्हायला हवं होतं, काय झालं आणि कधी झालं, एवढंच लिहा. मी तुमच्या वहीत डोकावले. इतका स्वच्छ लॉग माझ्या टीममध्ये कुणी ठेवत नव्हतं.

"वाचता येतं?" तुम्ही विचारलंत.

"येतं. मराठी याच अक्षरांत लिहितात."

"पासपोर्ट कुठला?"

इतक्या ओळखीवर कुणी पासपोर्ट विचारत नाही. "भारताचा," मी म्हणाले.

"म्हणजे तुला इथे मत आहे." कायदा तुम्हाला पाठ होता. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, म्हणून भारताच्या पासपोर्टवर इथे मत देता येतं. नेपाळ नाही, म्हणून नेपाळच्या पासपोर्टवर येत नाही. "कितीदा दिलंस?"

"वेळ नाही मिळाला."

"किती वर्षं झाली इथे?"

"अकरा."

तुम्ही वहीत काहीतरी लिहिलंत. काय लिहिलं म्हणून विचारलं, तर वही माझ्याकडे फिरवलीत. माझ्या नावापुढे लिहिलं होतं: वेळ नाही मिळाला, अकरा वर्षं.

तुम्ही खासदार होतात हे मला पुढे महिन्याभराने कळलं, आणि तेही तुमच्याकडून नाही. सकाळी सात वाजता तुमच्या स्वयंपाकघरात माणसं का जमतात ते तेव्हा समजलं. नेपाळात लोक खासदाराच्या घरी सकाळीच येतात, कामं घेऊन. इथे तुमच्याकडे ना पद होतं ना अधिकार, पण लोक येत राहिले आणि तुम्ही थर्मास भरत राहिलात. कुणाचं पेन्शनचं पत्र, कुणाचा डोळ्यांचा नंबर. मी ऑफिसला जाताना दहा मिनिटं थांबून इंग्रजी पत्रं वाचून द्यायला लागले. दहाची वीस कधी झाली ते मी मोजलं नाही. भिनाजू मागच्या दाराने त्यांच्या अलॉटमेंटला, भाजीच्या वाफ्याकडे, निघून जायचे. मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला भिनाजू आणि धाकट्या बहिणीला बहिनी म्हणायचं हे तुम्हीच शिकवलंत, आणि माझा नवरा श्रीकांत त्यांना 'सर' म्हणायचा ते तुम्ही बंद केलंत.

बसचं प्रकरण तेव्हाच सुरू झालं. आपल्या वस्तीतून हॉस्पिटलकडे जाणारी ती बस कौन्सिलच्या अनुदानावर चालायची आणि कौन्सिलला ती बंद करायची होती. तुम्ही प्रत्येक मीटिंगला गॅलरीत जाऊन बसायचात. प्रश्न विचारायचात, लेखी उत्तर मिळायचं, उत्तरात काही नसायचं. एका सकाळी तुम्ही ती सगळी उत्तरं टेबलावर पत्त्यांसारखी मांडलीत आणि म्हणालात, "बहिनी, तू उभी राहा."

"मला राजकारणात इंटरेस्ट नाही."

"बरं आहे. ज्यांना होता त्यांच्याबरोबर मी पाच वर्षं बसलेय."

"दिदी, तुम्हीच उभ्या राहा ना. ब्रिटिश नागरिकत्व घ्या. भिनाजूंनी घेतलंच आहे."

"त्यांनी आयुष्यभर राणीचं खाल्लं. त्यांचं ठीक आहे." भिनाजू दारात बूट घालत होते, ते हसले. "मी माझी नागरिकता देणार नाही."

नेपाळ दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही. एक घ्यायचं तर दुसरं सोडायचं. मी तुम्हाला फायदे-तोटे सांगितले, कागदावर दोन रकाने काढून. तुम्ही कागद नीट वाचलात, घडी करून भाजीच्या टोपलीखाली ठेवलात, आणि तो विषय पुढची सहा वर्षं चालला. मी तुम्हाला हट्टी म्हणायचे. तुम्ही 'हो' म्हणायचात आणि चहा ओतायचात.

शेवटी मी उभी राहिले, अपक्ष. का राहिले याचं उदात्त कारण माझ्याकडे नाही. ती उत्तरं वाचून माझं टेस्टरचं डोकं फिरलं होतं, एवढंच.

उमेदवारी अर्जाची गोष्ट आपण दोघींनी कुणाला फार सांगितली नाही. आता सांगते. अर्जावर एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. सूचक कोण, हा प्रश्नच नव्हता. तुम्ही हात धुतलेत, चष्मा पुसलात, आणि माझ्या नावाखाली सही केलीत. आधी नेपाळीत, मग कंसात इंग्रजीत. "या सहीने दोन पूल झालेत," तुम्ही म्हणालात. मी प्रत्येक नियम दोनदा वाचणारी बाई. तो एक नियम मी तपासला नाही. तुमची सही चालणार नाही असं माझ्या मनातच आलं नाही.

कौन्सिलच्या ऑफिसातल्या बाईंनी मतदार यादीवरून बोट फिरवलं आणि अर्ज परत दिला. सूचकाचं नाव यादीत नाही. मुदत दुसऱ्या दिवशी चार वाजेपर्यंत.

मी सरळ तुमच्याकडे आले. तुम्ही साग, म्हणजे पालेभाजी, चिरत होतात.

"तुमची सही चालत नाही," मी म्हणाले. अशा गोष्टी लांबवण्यात अर्थ नसतो.

सुरी थांबली. "चालत नाही?"

"यादीत नाव लागतं."

सुरी पुन्हा चालू झाली. जुडी पूर्ण चिरून झाली, परातीत गेली, पाणी घातलंत. मग कोट चढवलात. "मग कुणाची चालते, चल."

कीथचं दार तिसरं. तो निवृत्त होईपर्यंत तीच बस चालवायचा. त्याच्या दाराशी तुम्ही बूट काढलेत, कारण तुम्ही सगळ्यांच्याच दाराशी काढायचात, आणि त्याने ते दर वेळी गोंधळून बघायचं. "सही," तुम्ही म्हणालात आणि अर्ज पुढे केलात. कशासाठी, त्याने विचारलं. "बस." त्याने भिंतीला कागद लावून सही केली. समोरच्या घरातून त्याची बहीण अनुमोदक म्हणून आली. दहा मिनिटांत काम झालं.

त्या दिवशी मी घरी येऊन नियमांची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. श्रीकांतने जेवण गरम केलं, ते गार झालं. तिसऱ्या भागात सापडलं. उमेदवाराला निवडणूक एजंट नेमता येतो. सगळी कागदपत्रं त्याच्या नावाने येतात-जातात, मोजणीला तो आत उभा राहतो. आणि तो मतदार असावा अशी अट नाही.

सकाळी फॉर्म घेऊन तुमच्या टेबलाशी आले. "इथे सही करा."

"परत?"

"ही चालते."

तुम्ही तो फॉर्म दोनदा वाचून घेतलात. दुसऱ्यांदा विचारलंत, "नक्की?" मी म्हणाले, "मी वाचलंय." सही करायला तुम्ही बराच वेळ घेतलात. ऑफिसातल्या बाईंनी तो घेतला आणि प्रत दिली. तुम्ही प्रतीची चार घड्यांची घडी केलीत आणि पर्समध्ये ठेवलीत.

प्रचार तुम्ही केलात, मी फक्त बरोबर होते. मी छापलेली पत्रकं तुम्ही नाकारलीत. "कागद दारातून आत टाकलास तर तो कागदच आत जातो." तुम्हाला माणूस आत जायला हवा होता. नेपाळी घरांत ते जमायचं, आपण बसायचो, खायचो, एका दिवसात चार घरं व्हायची आणि मी घड्याळ बघत राहायचे. इंग्रज घरांत लोक दारातच बोलतात. तिथे तुम्ही बूट काढून दाराबाहेरच्या पायपुसण्यावर मोज्यांत उभ्या राहायचात. एका म्हाताऱ्याला ते बघवलं नाही म्हणून त्याने आत बोलावलं. तुम्ही मला कोपराने ढोसलंत. नंतर म्हणालात, "हे जमतंय." पुढच्या आठवड्यात थंडी वाढली आणि आपण बऱ्याच घरांत आत गेलो. हे प्रामाणिक होतं का, असं मी विचारलं होतं. "पाय खरंच गार पडले होते," तुमचं उत्तर.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या हॉलबाहेर फोल्डिंग खुर्ची टाकून तुम्ही दिवसभर बसलात, कोण आलं कोण नाही त्याच्या खुणा करत. मी मत देऊन बाहेर आले. आयुष्यातलं इथलं पहिलं मत, आणि ते मी स्वतःलाच दिलं होतं. तुम्ही वही उघडलीत. माझं जुनं पान काढलंत आणि 'वेळ नाही मिळाला'वर एक सरळ रेघ मारलीत. भाषण वगैरे काही केलं नाहीत. मला ते फार आवडलं होतं. सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पोर्ट्स सेंटरच्या बॅडमिंटन कोर्टवर मोजणी झाली. तुम्ही गळ्यात एजंटचा बिल्ला अडकवून गठ्ठ्यांवरून नजर हलवत नव्हतात. थोडक्या मतांनी मी निवडून आले. आणि निकाल वाचून व्हायच्या आत तुम्ही पर्समधून अबीराची पुडी काढून माझ्या दोन्ही गालांना लाल अबीर फासलात, कारण निवडून आलेल्या माणसाला नेपाळात असंच करतात. अर्धा अबीर कोर्टच्या पॉलिश केलेल्या लाकडावर सांडला. केअरटेकर धावत आला. मी लाल तोंडाने माफी मागत होते आणि माजी खासदार गुडघ्यांवर बसून वेट वाइप्सनी कोर्ट पुसत होत्या. "पहिलं काम," तुम्ही खालून म्हणालात. "आपण केलेली घाण आपण काढायची."

इथपर्यंत सगळं छान आहे. आता भांडण.

बजेटच्या मीटिंगआधी मी सत्ताधारी गटाच्या प्रमुखांना भेटले. बस पूर्ण बंद होणार होती, मतं त्यांच्याकडे होती. मी तीन आठवडे त्यांच्या मागे लागले आणि दोन दिवस मिळवले. मंगळवार आणि शुक्रवार. बदल्यात मी बजेटच्या बाजूने हात वर करायचा. मी केला. तुम्ही गॅलरीत पहिल्या रांगेत होतात. पर्स उचललीत आणि मतमोजणी संपायच्या आत निघून गेलात.

सकाळी मी आले तेव्हा स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. तुम्ही लोकांना परत पाठवलं होतंत.

"किती दिवस?" तुम्ही विचारलंत. माहीत असून.

"दोन. शून्य होणार होते, दिदी."

"पाच मागायला गेली होतीस."

"आणि दोन आणले. बाकीचे पुढच्या वेळी."

हे शेवटचं वाक्य ऐकून तुम्ही खाली बसलात. आणि मग ती गोष्ट सांगितलीत, जी तुम्ही पुन्हा कधी काढली नाहीत.

तुमच्या गावातली एक मुलगी. बाप परदेशी मजुरीला गेला तो परत आला नाही, पत्ता नाही. बाप समोर नाही म्हणून मुलीला नागरिकतेचा कागद मिळेना. कागद नाही म्हणून नोकरी नाही, बँकेत खातं नाही, फोनचं सिमकार्डसुद्धा नाही. आई होती, पण एकट्या आईचं नाव पुरत नव्हतं. आईच्या नावाने कागद मिळावा, एवढ्या एका कामासाठी तुम्ही संसदेत गेला होतात. तुम्ही बोललात, फिरलात, सह्या गोळा केल्यात. मग पक्षाने सांगितलं, अर्धं मिळतंय ते घ्या, बाकीचं पुढच्या वेळी. सभामुखांनी विचारलं, बाजूने असतील त्यांनी 'हुन्छ' म्हणावं. तिथे मत असं देतात, तोंडाने. 'हुन्छ' म्हणजे होय.

"मी म्हणाले," तुम्ही म्हणालात. "इतक्या आवाजांत माझा आवाज मला वेगळा ऐकू आला. पुढची वेळ आली तेव्हा पक्षाच्या यादीत माझं नाव नव्हतं."

मी खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"म्हणून मी माझा कागद परत करत नाही, बहिनी. जो तिला मिळवून देता आला नाही, तो मी कुठल्या तोंडाने परत करू?"

आणि मी काय विचारलं? मी विचारलं, "तुम्ही तो धरून बसलात म्हणून तिला मिळाला का?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "नाही," म्हणालात. मग कप पुढे केलात. "चहा घे. ऑफिसला उशीर होईल."

दिदी, माझा तर्क चुकला होता असं मला आजही वाटत नाही. पण तो त्या सकाळी, त्या टेबलाशी बोलून दाखवायची काही गरज नव्हती. त्या दिवशी ट्रॅफिकमध्येच मला हे कळलं होतं. वळून परत आले असते तर पाच मिनिटं लागली असती. मी ऑफिसला गेले.

नऊ दिवस तुमच्याकडून काही नाही. दहाव्या दिवशी भिनाजू सागाची जुडी घेऊन दारात उभे. "तिने पाठवलं," म्हणाले. काही निरोप आहे का विचारलं, तर बराच विचार करून म्हणाले, "धुवून घे, माती आहे." मी संध्याकाळी तुमच्याकडे रिकामी पिशवी परत द्यायला आले आणि तुम्ही सगळ्या आज्यांसमोर म्हणालात, "या, अर्ध्या बसच्या मेंबर आल्या." त्या हसल्या, मीही हसले. तेव्हापासून माझं नाव तेच पडलं. दसैंला, म्हणजे दसऱ्याला, टिका लावतानासुद्धा, कपाळावर दही-तांदूळ दाबत, आशीर्वाद म्हणून, "पुढच्या वर्षी पूर्ण हो."

आता एक कबुली. त्या वसंतात मी गाडीने स्टॉपवरून जात होते आणि खांबावर एक कागद दिसला. प्लास्टिकच्या पाकिटात, चारी बाजूंनी टेप. थांबून वाचला. तुमचं अक्षर. मंगलबार, शुक्रबार, खाली जायच्या आणि यायच्या वेळा, ठळक देवनागरी आकड्यांत, आणि सगळ्यात खाली 'औषधको चिठी नबिर्सनुहोस्'. औषधाची चिठ्ठी विसरू नका. ज्या बसला तुम्ही मान्यता दिली नव्हती, तिचं वेळापत्रक तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून लावलं होतंत.

त्यानंतर आठवड्याभरात कौन्सिलकडे एका रहिवाशाची तक्रार आली. स्टॉपवर परभाषेत बेकायदा नोटीस आहे. ईमेल वॉर्डची मेंबर म्हणून माझ्याकडेच आला. मी उत्तर दिलं की मी लक्ष घालतेय. त्याला आता चार वर्षं झाली. मी अजून लक्ष घालतेय. तुम्हाला मी हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्हाला बसबद्दल काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि मला तो कागद तिथे राहायला हवा होता.

तुमचा तो बुधवार. सकाळी भिनाजूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या स्टँडअप मीटिंगमध्ये होते. हॉस्पिटलला पोचले तर तुम्ही जाग्या होतात, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. नर्सने एकेकीला आत सोडायचं कबूल केलं होतं आणि आज्यांना यायचं होतं. मी तीन फेऱ्या मारल्या, प्रत्येक वेळी गाडीत चौघी. तिसऱ्या फेरीनंतर तुमच्याजवळ बसले. तुम्ही मास्क खाली ओढलात.

"सगळ्या कशा आल्या?"

"मी आणल्या."

"आज वार कुठला?"

"बुधवार."

तुम्ही मास्क परत लावलात. पण त्याआधी तुमचं तोंड मी बघितलं. जिंकल्यावर तुमचं तोंड जसं व्हायचं तसं ते झालं होतं. "बघ," तुम्ही म्हणालात. मास्कमधून, पण मला नीट ऐकू आलं. त्यानंतर आपण बोललो नाही. दुपारी तुम्ही गेलात.

मी मुद्दा मान्य करते. बस बुधवारी नसते आणि माणसं बुधवारीसुद्धा आजारी पडतात.

आता माझा मुद्दा, शेवटी ठेवलेला. शुक्रवारी क्रेमेटोरियमच्या फाटकाशी मी उभी होते. मोठ्या गाड्या कुणाकडे नव्हत्या, आणि लोक कसे येणार याची मला काळजी होती. लिफ्ट देणाऱ्यांची यादी केली होती मी, नेहमीसारखी. ती लागलीच नाही. साडेदहाला बस आली. ती बस. फाटकाशी तिचा स्टॉप आहे. दार उघडलं आणि आज्या उतरायला लागल्या. काळ्या कोटांत, हातात पांढऱ्या खादा, निरोपाला घालायची रेशमी उपरणी. उतरतच राहिल्या. ड्रायव्हर सीटवरून उठून हात देत होता. वरच्या दांड्यांना धरून उभं राहून आल्या होत्या. कीथ शेवटी उतरला, आतले सगळे उतरले का ते जुन्या सवयीने बघून.

मी वाद जिंकले असं म्हणत नाही, दिदी. पण बस भरली होती.

कार्यक्रम झाल्यावर भिनाजूंनी पर्स उघडली आणि मला तुमची वही दिली. "तिने सांगितलं होतं, हिला द्या." मी ती गाडीत बसून वाचली. चार वर्षांचे मंगळवार आणि शुक्रवार. कोण चढलं, कुठे गेलं, किती जणी उभ्या होत्या. अर्ध्या बसचा पूर्ण हिशेब, माझ्यापासून लपवून ठेवलेला. वहीत चार घड्यांचा एजंटच्या फॉर्मचा कागद होता. आणि शेवटच्या पानांवर नवं शीर्षक, बुधबार. त्याखाली नावं. कुणाची कुठली अपॉइंटमेंट त्या दिवशी हुकली, कुणी टॅक्सी केली, कुणी गेलीच नाही. काय व्हायला हवं होतं, काय झालं, कधी झालं. वैताग कुठेही नाही.

पुढच्या महिन्यात बसचा करार पुन्हा मीटिंगला येतोय. गटाचे प्रमुख मला काल भेटले. तुमच्याबद्दल चांगलं बोलले, आणि मग म्हणाले, दोन दिवस टिकवू, बाकीचं पुढच्या वेळी बघू. मी त्यांना सांगितलं, माझा हात या वेळी बुधवारशिवाय वर जाणार नाही. त्यांनी विचारलं, कशाच्या आधारावर. मी तुमची वही टेबलावर ठेवली आणि म्हणाले, चला, पहिल्या पानापासून वाचून दाखवते. अक्षरं त्यांना येत नव्हती. मला येतात.

आज सकाळी स्टॉपवर गेले. तुमचा कागद उन्हाने इतका विटलाय की वेळा दिसत नाहीत. तो मी काढून वहीत ठेवला आणि माझ्या अक्षरात नवा लावला. औषधाच्या चिठ्ठीची ओळ तशीच ठेवली, नेपाळीत. वर मंगलबार लिहिलंय, खाली शुक्रबार. मध्ये एका वाराची जागा रिकामी सोडली आहे.

तुमची,
बहिनी